आमचे सर्वभक्षी घरमालक

घर भाड्याने देताना जपानी एजंट बरंच काही विचारतो. पगार किती, हमी कोण देणार, कुत्रा पाळता का, पियानो वाजवता का. आमच्या मराठी घरमालक काकांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला.

"तुम्ही काय काय खात नाही?"

"मी अंडं खातो, चिकन खातो," मी म्हणालो. "ही शाकाहारी आहे."

"खाता काय ते नाही विचारलं मी. खात नाही काय?"

मी सांगायला लागलो. बीफ नाही, पोर्क नाही, मासे नाहीत, कोळंबी नाही. मटणापाशी मी थोडा अडखळलो, कारण लहानपणी एकदा खाल्लं होतं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि डॉक्टर रिपोर्ट बघून विचारतात तसं विचारलं, "वय काय तुमचं?"

"चौतीस."

"मग अजून वेळ आहे," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

भाडं बाजारापेक्षा कमी होतं. अट एकच होती: महिन्यातून एका शनिवारी खाली जेवायला यायचं. त्या अटीतच भाड्यातली सूट वसूल होते हे समजायला आम्हाला पहिलाच शनिवार पुरला.

त्सुकुबा हे आखून वसवलेलं गाव आहे. रस्ते सरळ, झाडं ओळीत, एका संशोधन संस्थेला लागून दुसरी. अशा गावात जरा वेगळा माणूस लांबूनही उठून दिसतो. काका एका संस्थेत मातीचे शास्त्रज्ञ होते, आम्ही गेलो तेव्हा नुकतेच निवृत्त झालेले. घर त्यांनी दोन कुटुंबांसाठी बांधलं होतं. वरचा मजला आईवडिलांसाठी, त्याला वेगळं स्वयंपाकघर. आईवडील साताऱ्याहून एकदा आले, एक हिवाळा पाहिला आणि परत गेले. तेव्हापासून वर मराठी भाडेकरू. आमच्या आधीचे पुण्याचे होते. ते योकोहामाला गेले ते ऑफिस जवळ पडतं म्हणून, असं ते सांगत.

मातीचे नमुने गोळा करायला काकांना संस्थेने जगभर पाठवलं आणि काका जगभर जेवून आले. मातीबद्दल ते फारसं बोलत नसत. "माती सगळीकडे सारखीच रुसलेली असते," एवढंच म्हणत. पण कोणत्याही देशाचं नाव काढलं की त्यांना तिथला प्राणी आठवायचा. आमच्या ऑफिसातल्या एकाची बेल्जियमला बदली झाली, हे मी नुसतं बोलता बोलता सांगितलं.

"घोडा," काका म्हणाले. "तळलेल्या बटाट्याच्या फोडींबरोबर. त्याला सांग, मध्यम भाजलेला माग."

"तो जैन आहे, काका."

"मग नुसत्या फोडी मागव म्हणावं. पण त्या पूर्वी घोड्याच्याच चरबीत तळायचे."

घोडा हा त्यांचा मुख्य विषय होता. मगर, कांगारू, बेडूक, अस्वल हे सगळे तोंडीलावणं. घोड्यावर त्यांचं एक सलग व्याख्यान होतं आणि त्यातली वाक्यं ठरलेली होती. "इंग्रज घोडा खात नाही, कारण तो त्याचं नाव ठेवतो. फ्रेंच माणूस नावही ठेवतो आणि खातोही." मग कझाकस्तान. तिथे घोड्यावर बसतात, घोडीचं दूध आंबवून पितात आणि थंडी पडली की त्याच घोड्याचं सॉसेज करतात, आणि यात कोणालाच काही विसंगत वाटत नाही. मग आपण. "आपल्याकडे घोडा कशाला? पुतळ्याला, टांग्याला आणि नवरदेवाला." इथे ते थांबत आणि आम्ही हसत असू. पहिल्या वर्षी खरंच हसलो होतो.

कझाकस्तानातल्या यजमानांनी मान म्हणून त्यांना मेंढीच्या शिजवलेल्या डोक्याचा कान कापून दिला होता. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो कानाचा एक तुकडा होता. पुढच्या वर्षी दोन्ही कान झाले. आम्ही घर सोडेपर्यंत काकांनी ते अख्खं डोकं एकट्याने संपवलेलं होतं आणि तंबूतले सगळे म्हातारे उभे राहिले होते. मी प्रत्येक वेळी "हं" म्हणत राहिलो. मुंबईच्या ऑफिसशी दिवसभर कॉल करून आल्यावर संध्याकाळी मेंढीच्या कानाला "हं" म्हणणं सोपं नसतं. माझी बायको माझ्यापेक्षा हुशार. ती काकूंना मदत करायला म्हणून आधीच स्वयंपाकघरात गेलेली असायची.

काकू पूर्ण शाकाहारी होत्या. काकांच्या खाण्यासाठी त्यांनी मागच्या अंगणात एक पत्र्याची शेड राखून ठेवली होती. तिथे एक गॅसचा स्टोव्ह, एक तवा, एक सुरी आणि एक छोटा फ्रीज. "तुमचं प्राणिसंग्रहालय तिकडे," असा करार. काका हिवाळ्यातही जाकीट घालून तिथे उभे राहून काहीतरी परतत असायचे आणि घरात येताना हात कोपरापर्यंत धुवायचे. दारात काकू त्यांचे हात हुंगून आत घेत. हे मी पाहिलं आहे.

गंमत म्हणजे या माणसाला भोपळा चालत नसे. अस्वल चालायचं, आइसलँडमधला आंबवलेला शार्क चालायचा, ज्याच्या वासाने म्हणे तिथलेच लोक तोंड फिरवतात. पण ताटात भोपळ्याची फोड दिसली की काका ती कोशिंबिरीखाली लपवत. जपानमध्ये भोपळा बाराही महिने मिळतो, त्यामुळे हे दृश्य नेहमीचं होतं.

"हा प्राणी नाही, म्हणून जात नाही का घशाखाली?" काकू म्हणायच्या.

"त्याला स्वतःचं मत नाही," काका म्हणायचे. "ज्यात घालाल त्यासारखा होतो."

त्सुकुबाच्या मराठी मंडळात ते ज्येष्ठ होते, म्हणून गणपतीला एकदा त्यांना बोलायला उभं केलं होतं. विषय दिला होता 'परदेशात मराठी माणूस'. मराठी माणूस विमानातून उतरेपर्यंत ठीक चाललं. मग त्याला भूक लागली. आरतीच्या ताटासमोर बसलेल्या बायकांना काकांनी बेल्जियमपासून मंगोलियापर्यंत फिरवलं. पुढच्या वर्षी समितीने त्यांना कचरा वर्गीकरणाची जबाबदारी दिली. काकांनी तीही मनापासून केली. निर्माल्य जळणाऱ्या कचऱ्यात, थर्माकोल वेगळा, बाटल्यांची झाकणं वेगळी. एक नवा मुलगा दह्याचा डबा न धुता टाकत होता, त्याला त्यांनी थांबवलं आणि घोडीच्या दुधाचं सांगितलं.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या मेथी निवडत होत्या.

"क्योतोला शिकायला आले तेव्हा हे माझ्यासारखेच होते," त्या म्हणाल्या. "अंडंसुद्धा नाही. तर ह्यांच्या प्रोफेसरांनी घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या बायकोने दोन दिवस खपून काय काय केलेलं. हे आपले प्रत्येक वाटी बघतायत आणि 'चालत नाही, चालत नाही' म्हणतायत. शेवटी भात आणि लोणचं खाऊन उठले. त्या बाई भरलेली एकेक वाटी उचलून आत नेत होत्या. ह्यांना ते फार लागलं. त्यानंतर कोणाच्या घरी नाही म्हणाले नाहीत."

"मग ते फक्त दुसऱ्याच्या घरी खायचं ना," मी म्हणालो. "शेडमध्ये कशाला?"

"ते मला विचारू नका," काकू म्हणाल्या. "माणसाला एकदा टाळ्या मिळाल्या की तो घरीही टाळ्या शोधतो."

काकूंचं बोलणं थोडक्यात असे. बहुधा घरातले सगळे शब्द काकाच वापरून टाकायचे म्हणून.

त्यांची मुलगी रेवा इथेच जन्मलेली. तोक्योला नोकरी करायची, शनिवारी रविवारी ट्रेनने घरी यायची. मराठी छान बोलायची, पण रागावली की जपानीत जायची आणि मग काकूंना काही कळत नसे. एके शनिवारी आम्ही खालीच जेवत असताना तिने सांगितलं की ऑफिसातल्या ताकुमाशी तिला लग्न करायचं आहे.

"कुठला आहे?" काकूंनी विचारलं.

"आयझूचा. फुकुशिमाकडे. डोंगरात."

"घरी काय करतात?"

"दुकान आहे त्यांचं. मांसाचं."

"कसल्या?"

"आई, प्लीज. घोड्याच्या."

काकूंनी डाव परत आमटीत ठेवला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण इतकं काही एकदम आलं की कशापासून सुरुवात करावी हे त्यांना कळेना.

"आयझू!" ते शेवटी म्हणाले. "तुम्हाला कल्पना नाही. दक्षिणेकडच्या कुमामोतोचा घोडा चरबीचा, पांढऱ्या रेघांचा. तो सगळ्यांना माहीत आहे. आयझूचा तांबडा. नुसता तांबडा. कच्चा, पातळ कापलेला, वर लसूण घातलेला तिखट मिसो, आंबवलेल्या सोयाबीनचा. मी इतकी वर्षं इथे आहे आणि मुद्दाम तिकडे गेलो नाही. माणसाने एखादी गोष्ट शेवटासाठी राखून ठेवावी."

"तुम्ही मुलीचं बोलताय की घोड्याचं?" काकूंनी विचारलं.

नोव्हेंबरात आयझूला जाऊन मुलाच्या आईवडिलांना भेटायचं ठरलं. काकांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून गाडी मी चालवायची. त्या आधीचे तीन आठवडे काका अंगणात फेऱ्या मारत भाषण पाठ करत होते. वरच्या खिडकीतून मला ते ऐकू यायचं. अतिशय आदराच्या जपानीत, जी आता बातम्या देणारेही वापरत नाहीत, ते एका झाडाला सांगत होते की आपल्या दोन घराण्यांना घोड्याने एकत्र आणलं आहे.

जायच्या आदल्या दिवशी रेवाचा फोन आला.

"दादा, बाबांचं भाषण आहे का?"

"आहे. बेल्जियम, कझाकस्तान, आइसलँड. मंगोलिया वगळलंय, वेळ कमी आहे म्हणून."

ती हसली नाही. "दादा, आय एम सिरियस. ताकुमाचं आधी एकदा ठरलेलं मोडलंय. मुलीच्या घरच्यांना दुकान नको होतं. त्याच्या बाबांनी ते खूप मनाला लावून घेतलं. आता ते घाबरलेत, की इंडियाचे लोक, त्यात आई व्हेजिटेरियन, काय म्हणतील. आणि आपण तिथे जाऊन कुठल्या देशात कुठला घोडा कसा लागतो ते ऐकवणार? त्यांना वाटेल आपण चेष्टा करतोय."

"त्यांना आवडेलही कदाचित," मी म्हणालो.

"माझ्या शाळेत आवडलं नव्हतं."

मग तिने ते सांगितलं. ती तिसरीत असताना पालकांनी येऊन आपल्या कामाबद्दल बोलायचा दिवस होता. काका मातीच्या बाटल्या घेऊन गेले. मुलांना माती आवडली. मग कोणीतरी विचारलं, पेरू देशात काय खातात? वर्गात कोपऱ्यात पिंजरा होता आणि त्यात मुलांनी पाळलेली दोन गिनीपिग होती. काकांनी आधी पिंजऱ्याकडे पाहिलं, मग मुलांकडे, आणि प्रामाणिकपणे सांगितलं. कसं भाजतात तेही.

"रडली सगळी," रेवा म्हणाली. "त्यानंतर वर्ष संपेपर्यंत माझी पाळी असली की मला पिंजरा उघडू द्यायचे नाहीत. बाबांना हे माहीतच नाही. ते अजून म्हणतात, काय छान वर्ग होता, किती प्रश्न विचारले."

"मग काय करायचं?"

"मी माझ्या परीने थोडं केलंय," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बाबांच्या शेजारी बसा."

त्सुकुबाहून आयझू तीन तासांवर. काका पुढे, काकू आणि रेवा मागे. डोंगर सुरू झाले तसे काका मनातल्या मनात भाषण घोकायला लागले. भूक लागावी म्हणून त्यांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

दुकान रस्त्याला लागून आणि घर त्याच्या मागे. ताकुमाचे वडील काकांच्याच वयाचे, रुंद खांद्यांचे, हात इतके स्वच्छ की घासून घासून लाल झालेले. आम्हाला तातामीच्या चटया अंथरलेल्या खोलीत बसवलं. टेबलावर काळ्या-लाल लाखेच्या वाट्या मांडलेल्या होत्या, सगळ्यांवर झाकणं. काकांनी बसता बसता नाकाने एक लांब श्वास घेतला. मी शेजारी होतो, मला ऐकू आला. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडा गोंधळ दिसला. मांसाचा वास येत नव्हता.

ताकुमाच्या वडिलांनी दोन्ही हात जमिनीवर टेकून कपाळ खाली नेलं. आयझूकडची बोली, ताकुमा मध्ये मध्ये सोपं करून सांगत होता.

"सेन्सेई," ते काकांना आदराने म्हणाले, "रेवा-साननी आम्हाला सांगितलं आहे की आपण आणि आपल्या पत्नी, दोघांनीही जन्मात कधी मांस खाल्लेलं नाही. आमच्या घरात रोज घोडा शिजतो. त्या भांड्यांत आपल्याला कसं वाढायचं? म्हणून हिने सगळी भांडी नवी आणली. सुरीसुद्धा."

ताकुमाची आई खालच्या आवाजात म्हणाली की सूप समुद्री वनस्पती आणि मशरूमचं आहे. त्यात नेहमी जे सुके शिंपले घालतात ते घातलेले नाहीत. चव येते का, ते बघायला तिने ते तीनदा करून पाहिलं. अजूनही नीट जमलं नसेल, माफ करा.

झाकणं उघडली. टोफू होता, तिळाचा आणि साधा. तळलेल्या भाज्या होत्या, सोबाच्या शेवया होत्या, रानातल्या पानांचं काहीतरी होतं. मधोमध एका मोठ्या थाळीत, फुलाच्या आकारात कापलेला, सोनेरी, वाफाळता भोपळा होता.

रेवा मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहत होती. काकू काकांकडे पाहत होत्या. मी दाराकडे पाहत होतो. काकांनी भाषणासाठी पाठ ताठ केलेली, हात मांड्यांवर घेतलेले आणि तोंड उघडलेलं. आता ते बंद करायचं की काय करायचं हे त्यांना ठरवायचं होतं.

ताकुमाचे वडील अजून खालीच वाकलेले होते. "मला वाटलं होतं," ते म्हणाले, "की आपण आलात तरी आमच्या घरचं पाणीही घेणार नाही."

काका रेवाकडे वळले. तिने वर पाहिलं नाही. तिचे कान लाल झाले होते. ती अगदी लहान दिसत होती.

"नाही खात," काका म्हणाले. "कधीच नाही." आणि मान लववून, "आपल्या घरी जेवायला मिळणं हा आमचा मान आहे."

मी ऐकलेलं त्यांचं हे सर्वांत लहान भाषण. त्यांनी चॉपस्टिक्स उचलल्या आणि सगळ्यात आधी भोपळ्याची एक मोठी फोड घेऊन, चावून, गिळली. ताकुमाची आई तोंडावर हात ठेवून हसली आणि त्याच हाताने तिने डोळे पुसले. तिने काकांना आणखी दोन फोडी वाढल्या.

काकू मात्र त्या दिवशी निर्धास्त जेवल्या. इतकी वर्षं जपानमध्ये त्यांनी जिथे जिथे काही खाल्लं तिथे आधी विचारलं होतं: यात मासा आहे का, सूप कशाचं, तेल कसलं. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. एकेक वाटी रिकामी करत गेल्या आणि सूप दुसऱ्यांदा मागून घेतलं.

जेवणानंतर ताकुमाच्या वडिलांना धीर आला. सेन्सेईंना हरकत नसेल तर, फक्त लांबून, दुकान दाखवावं अशी त्यांची इच्छा होती. हरकत नव्हती. आम्ही काचेच्या कपाटासमोर उभे राहिलो. आत ओळीने तुकडे मांडलेले होते. खरोखर तांबडे, चकचकीत, काका म्हणाले होते तसेच.

आणि मग व्याख्यान सुरू झालं. हा मांडीचा भाग, हा फासळ्यांजवळचा. हा पांढरा दिसतो तो आयाळीखालचा. काकांना यातलं प्रत्येक नाव माहीत होतं. शेडमध्ये उभं राहून त्यांनीच मला ती ऐकवली होती. आता ते हात मागे बांधून, पहिल्यांदाच शाळेत आलेल्या मुलासारखे मान डोलवत होते. "असं का?" "हे आयाळीखालचं? बरं, बरं."

"आम्ही असं खातो, जगाला हे विचित्र वाटत असणार," ताकुमाचे वडील म्हणाले. "आमच्याइतका घोडा बाहेर कोणी खात नसेल."

मी काकांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याचं हाड वर गेलं आणि खाली आलं. बेल्जियम गेलं, कझाकस्तान गेलं, अख्खं मेंढीचं डोकं गेलं.

"हो का?" काका म्हणाले.

दुकानामागे अंगणात शेवाळलेला एक दगड होता, त्यावर घोड्याचं डोकं असलेली देवी कोरलेली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्यावर पाणी घालतो, ताकुमाचे वडील म्हणाले. वडील घालायचे, आजोबा घालायचे. हयग्रीव, म्हणजे आपला घोडमुखी विष्णू, हा शब्द काकांच्या ओठांपर्यंत आलेला मला स्पष्ट दिसला. त्यांनी तोही गिळला आणि ताकुमाच्या वडिलांनी पुढे केलेली पळी घेऊन दगडावर पाणी घातलं.

परतीच्या वाटेवर बोगदे लागले. मागे काकू झोपल्या होत्या. बऱ्याच वेळाने रेवा म्हणाली, "बाबा, रागावलात?"

"नाही."

"सांगायचं होतं. जमलं नाही."

"तू सांगितलं असतंस तर मी वाद घातला असता," काका म्हणाले. "त्या बाईंनी सूप तीनदा करून बघितलं. आता काय वाद घालायचा?" मग थोड्या वेळाने, पुढच्या काचेकडे बघत, "हे 'कधीच नाही' एका घरी बोलून भागत नाही. आपल्या घरी आणून पाळावं लागतं. ते लोक येणार, जाणार."

त्यांनी ते पाळलं. पुढच्याच आठवड्यात शेडमधला फ्रीज रिसायकलिंगची फी भरून, स्टिकर चिकटवून देऊन टाकला. स्टोव्ह मंडळाला दिला. काकूंना हे पटेना. "अहो, रोज कोण बघायला येतंय तुम्हाला?" त्या म्हणाल्या. वर माझ्या बायकोजवळ बोलल्या, "इतकी वर्षं मी म्हणत होते तेव्हा नाही सुटलं. आता सुटलंय तर मलाच चुकल्यासारखं वाटतं. जाकीट घालून बाहेर गेले नाहीत की करमत नाही त्यांना."

शनिवारची जेवणं चालू राहिली. काका वरणभात खायचे, भाजी खायचे, भोपळाही खायचे. कोणी देशाचं नाव काढलं तर तिथल्या मातीबद्दल सांगायचे. पेरूची माती, मंगोलियाची माती. इतकी वर्षं मी या शांततेची वाट पाहिली होती. ती मिळाली तेव्हा लक्षात आलं की तिच्यातही "हं" म्हणावंच लागतं, आणि हे "हं" जास्त जड असतं. एकदा मीच विचारलं, "काका, तो मेंढीचा कान, त्याचं काय झालं होतं?"

"कान होता," काका म्हणाले. "छोटासा."

लग्न मे महिन्यात, आयझूलाच झालं. पाहुणे थोडे. आमच्या बाजूने आम्ही आणि मंडळातले दोन-तीन जण. मला काकांच्या शेजारी बसवलं होतं. प्रत्येकासमोर छोट्या लाखेच्या थाळीत तांबडे, पातळ तुकडे पंख्यासारखे मांडले होते, कडेला मिसोचा गोळा. काकूंची आणि माझ्या बायकोची शाकाहारी ताटं आधीच आली होती. काकांसमोर मात्र ताकुमाचे वडील स्वतः एक वेगळं ताट घेऊन आले आणि ते दोन्ही हातांनी ठेवून गेले. टोफू, पानं, तळलेल्या भाज्या. मग दाराशी जाऊन उभे राहिले आणि तिथून काकांकडे पाहत राहिले.

मी माझी थाळी हळूच बाजूला सारत होतो.

"खाणार नाहीस?" काकांनी विचारलं.

"तुमच्याकडे सरकवू का? कोणी बघत नाहीये."

"ते बघतायत," काका म्हणाले आणि दाराच्या दिशेने मान लववली. तिकडूनही मान लवली. "तू खा. ठेवलंस तर त्यांना वाईट वाटेल."

समोर रेवा किमोनोत बसली होती. तिने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. मी चॉपस्टिक्सने एक तुकडा उचलला, मिसोला लावला आणि तोंडात घातला. काका माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"कसं आहे?"

"थंड आहे." मी आणखी एकदा चावलं. "मऊ आहे. मला वाटलं होतं लोखंडासारखं लागेल. तसं नाही."

"गोड?"

"थोडंसं. उशिरा येतं."

"आणि गिळल्यावर काय राहतं?"

मी विचार केला. "लसूण."

"ते मिसोचं. त्याच्या मागे?"

"कळत नाही, काका."

"घाई करतोयस," ते म्हणाले. त्यांनी स्वतःच्या चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि डोळे मिटून घेतले. मी दुसरा तुकडा उचलला, मिसो न लावता, आणि सावकाश चावायला लागलो.